नावाजलेली युनिव्हर्सिटी पण पैसे नाहीत, पैसे आहेत पण विषय दुसऱ्याचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३१. एन्व्हायर्न्मेंटल सायन्समध्ये मास्टर्स करून पाच वर्षं झाली, तेव्हापासून भूजलावर काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी. लग्न झालंय, चार वर्षांची मुलगी आहे. सस्टेनेबल डेव्हलपमेंटमध्ये परदेशात पीएचडी करायचीय आणि बऱ्याच दिवसांच्या अर्जांनंतर आता दोन गोष्टी हातात आल्यात. एक, ब्रिटनमधल्या खूप नावाजलेल्या युनिव्हर्सिटीची ॲडमिशन. विषय स्वतःचा, पण फंडिंग काहीच नाही, "इथे आल्यावर स्कॉलरशिप शोधता येतील" एवढंच आश्वासन. दोन, नेदरलँड्समध्ये एका युरोपियन डॉक्टरल नेटवर्कमधली पगारी जागा, पण टॉपिक त्यांनी ठरवलेला (शुद्ध केलेलं सांडपाणी शेतीला वापरण्याचं मॉडेलिंग) आणि त्या युनिव्हर्सिटीचं नाव घरात कुणी ऐकलेलं नाही. उत्तर द्यायला दोन आठवडे. तिसरा विचार असा की दोन्ही सोडून द्यावं, एक वर्ष थांबावं आणि स्वतःच्या विषयावर फेलोशिप मिळवावी. ती विचारते, "कर्ज काढून मोठ्या नावाकडे जाऊ, की पैशासाठी विषय सोडू? आणि विषय सोडला तर ती पीएचडी माझी राहील का?"

पत्रात तूच लिहिलंयस की ताई मला अहोजाहो नको, तर अगंतुगंच करते. आणि पहिलीच गोष्ट जरा टोचेल अशी सांगते. एवढ्या मोठ्या पत्रात युनिव्हर्सिटीचं नाव परत परत येतं, फंडिंग तर प्रत्येक परिच्छेदात आहे, पण ज्या विषयासाठी हे सगळं चाललंय त्याला एक ओळ मिळालीय, आणि ती ओळ अशी: "लोकसहभागातून भूजलाचं समग्र व्यवस्थापन करून शाश्वत विकासाची उद्दिष्टं साध्य करणे". रागावू नकोस, पण ही ओळ कुणाच्याही अर्जात चिकटवली तरी चालेल. पत्त्यात नुसतं देशाचं नाव लिहून पाकीट पोस्टात टाकावं तसं झालंय ते.

यात तुझा एकटीचा दोष नाही. 'शाश्वत विकास' हा शब्दच तसा अघळपघळ आहे. १९८७ ला संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड कमिशनच्या रिपोर्टने तो जगभर नेला, २०१५ ला संयुक्त राष्ट्रांनी त्याची १७ उद्दिष्टं आणि १६९ टार्गेट्स केली, आता त्या १६९ मध्ये बसणार नाही असं काम शोधूनच काढावं लागेल. त्यामुळे अर्जात "हे काम सहाव्या उद्दिष्टाशी (म्हणजे पाणी आणि स्वच्छता) निगडित आहे" वगैरे लिहिलं की आपल्याला वाटतं विषय झाला, आणि समोर अर्जांचा ढीग घेऊन बसलेल्या माणसाला वाटतं की हिला अजून विषय सापडायचाय.

गंमत म्हणजे तुला तो सापडलाय. पत्राच्या मध्येच तू सहज लिहून गेलीयस की तुमच्या संस्थेच्या काही गावांत लोकांनी मिळून ठरवलं, उन्हाळ्यात बोअर किती तास चालवायचे, एका गावात ते वर्षानुवर्षं टिकलं आणि शेजारच्या गावात दुसऱ्याच उन्हाळ्यात मोडलं, खडक तोच, पाऊस तोच, तरी, आणि का ते आम्हाला अजून कळलेलं नाही. अगं हाच विषय आहे! हे "अजून कळलेलं नाही" जिथे येतं तिथून पीएचडी सुरू होते. आता ती वरची ओळ खोड आणि असं काहीतरी लिहून बघ: एकाच भूजलावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांनी स्वतःच घालून घेतलेले उपशाचे नियम कुठे टिकतात आणि कुठे मोडतात, आणि पाण्याची पातळी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली तर नियम टिकायला मदत होते का. यात शाश्वत हा शब्द एकदाही नाही आणि तरी वाचणाऱ्याला लगेच कळतं की ही बाई काय मोजणार आहे, कुठे जाणार आहे, कुणाशी बोलणार आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम तुला माहीत असतीलच, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल, ते मिळालेली पहिली बाई. त्यांची १९६५ ची पीएचडी कॅलिफोर्नियातल्या भूजलाच्या एका खोऱ्यावर होती, तिथले पाणी उपसणारे लोक आपसात नियम कसे करतात यावर. म्हणजे जवळजवळ तुझाच प्रश्न. आणि डिग्री कशातली? राज्यशास्त्रातली. अर्थशास्त्राच्या पीएचडीला जायची त्यांची इच्छा होती पण गणित पुरेसं नाही म्हणून तिथे दारच उघडलं नाही. हे एवढ्यासाठी सांगते की तू "सस्टेनेबल डेव्हलपमेंट याच नावाची डिग्री हवी" असं धरून बसलीयस आणि त्यापायी निम्म्याहून जास्त जागा तू बघितल्यासुद्धा नसशील. त्या नावाच्या डिग्र्या आहेत की. न्यूयॉर्कच्या कोलंबियात २००४ पासून सस्टेनेबल डेव्हलपमेंटमध्येच पीएचडी आहे, पण आत गेलीस की सुरुवातीलाच मायक्रोइकॉनॉमिक्स आणि इकॉनोमेट्रिक्सचा, म्हणजे गणिती अर्थशास्त्राचा, असा कस लागतो की ज्याला समाजशास्त्राच्या अंगाने काम करायचंय तो म्हणेल मी इथे कुठे आलो. स्वीडनमध्ये लुंड आणि स्टॉकहोमला सस्टेनेबिलिटी सायन्समध्ये करता येते. जर्मनीत बॉनच्या डेव्हलपमेंट रिसर्च सेंटरमध्ये, ज्याला झेफ म्हणतात, आधी वर्गातले कोर्स, मग फील्डवर्क, मग लिहायला परत, अशी रचना आहे आणि तुझ्यासारख्या फील्डमधून आलेल्यांना ती मानवते. पण तुझा प्रश्न भूगोलात, हायड्रोलॉजीत, कृषी अर्थशास्त्रात, पब्लिक पॉलिसीत, कुठेही बसतो. दारावरची पाटी बघू नकोस, आत कोण बसलंय आणि ते काय छापतायत ते बघ.

आता पैशाचं. फेलोशिप म्हटलं की आपल्या डोक्यात बक्षीस येतं, मार्क चांगले म्हणून मिळालेलं. प्रत्यक्षात देशागणिक ही वेगवेगळी चीज आहे. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क इथे पीएचडी करणारा माणूस बहुतेक वेळा युनिव्हर्सिटीचा कर्मचारी असतो, पगार, टॅक्स, पेन्शन, पगारी रजा सगळं, नेदरलँड्समध्ये बाळंतपणाची १६ आठवड्यांची रजासुद्धा. तिथली जागा नोकरीच्या जाहिरातीसारखी वर्षभर कधीही निघते. जर्मनीत जागा पगारी असली तरी खूपदा ६५ टक्के वगैरे पगाराची, आणि काम मात्र पूर्ण वेळ, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी जाहिरातीत लिहीत नाही. ब्रिटनमध्ये तू विद्यार्थी, हातात स्टायपेंड, आणि सरकारी रिसर्च कौन्सिलच्या ज्या जागा असतात त्यात २०२१ पासून बाहेरच्या देशातल्यांना घेता येतं पण एकूण भरतीच्या ३० टक्क्यांपर्यंतच. अमेरिकेत पाचेक वर्षं, आधी दोन वर्षं कोर्स आणि परीक्षा, फी माफ, त्या बदल्यात शिकवायचं किंवा कुणाच्या तरी प्रोजेक्टवर राबायचं, आणि तिथे एक प्रश्न विचारायलाच हवा की स्टायपेंड नऊ महिन्यांचा आहे की बारा, कारण उन्हाळा तिथेही येतो.

हे लक्षात घेतलंस तर तुझा ब्रिटनचा पर्याय काय आहे ते स्पष्ट दिसतं. ती फेलोशिप नाहीये. ती फी भरायची परवानगी आहे. "इथे आल्यावर स्कॉलरशिप शोधता येतील" हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला आधी ईमेल करून विचार की गेल्या दोन-तीन वर्षांत पैसे नसताना सुरू केलेल्या किती बाहेरच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षानंतर पूर्ण फंडिंग मिळालं. आकडा आला तर मला कळव, मला नाही वाटत येईल. कारण बऱ्याच मोठ्या स्कॉलरशिप, गेट्स केंब्रिजसारख्या, कोर्स सुरू व्हायच्या आधीच अर्ज करणाऱ्यांसाठी असतात, एकदा वर्गात जाऊन बसलेल्याला मधूनच उचलून पैसे देणाऱ्या स्कीम अगदी थोड्या. वर तिथे परदेशी विद्यार्थ्याची फी, व्हिसासोबत प्रत्येक माणसामागे वर्षाला ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज, तोही सगळ्या वर्षांचा आगाऊ, म्हणजे तू, नवरा आणि मुलगी तिघांचा. रिसर्च डिग्रीला कुटुंब नेता येतं एवढीच त्यातली बरी बाजू, जानेवारी २०२४ पासून मास्टर्सच्या बहुतेकांना तेही बंद झालंय. माझं मत विचारशील तर कर्ज काढून पीएचडी करू नये. मास्टर्ससाठी काढलं तर एकवेळ समजू शकते, नोकरी लागते, फिटतं. पीएचडीनंतर आधी पोस्टडॉक म्हणजे ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम, मग टेम्पररी, मग बघू, यात हप्ते कुठून भरणार?

याच धर्तीची जर्मनीतली पत्रं पण खूप येतात, प्रोफेसर गाईड व्हायला तयार आहे, म्हणतो तुझे पैसे तू आण, तर मी आधी जाऊन बसते आणि तिथून अर्ज करते. तर बायांनो आणि बाप्यांनो, तिथून अर्ज करणं उलट अंगावर येऊ शकतं. डीएएडी ही परदेशी विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था, सगळे तिला डाड म्हणतात, तिच्या रिसर्च ग्रँटला अर्जाच्या शेवटच्या तारखेला तुम्ही १५ महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीत असाल तर सहसा विचारच होत नाही. आणि मारी क्युरी या युरोपियन युनियनच्या योजनेतल्या डॉक्टरल नेटवर्कला तर नियमच आहे की भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला माणूस त्याच देशातल्या जागेला चालत नाही. म्हणजे स्वतःच्या पैशाने दीड वर्ष काढलं की शेजारच्याच बिल्डिंगमधली पगारी जागा आपल्यासाठी बंद. आधी नियम वाचा, मग तिकीट काढा.

आता तुझी नेदरलँड्सची जागा. तू जोडलेली जाहिरात मी नीट वाचली. या नेटवर्कमध्ये प्रत्येक जागेला नंबर असतो, तुझी डीसी ७ (डीसी म्हणजे डॉक्टरल कँडिडेट), म्हणजे अजून अशा जागा आहेत, वेगवेगळ्या देशांत, सगळ्यांनी मिळून एक मोठं प्रोजेक्ट करायचं. तुला यात "दुसऱ्याचा विषय" दिसतो, ते निम्मं बरोबर आहे. प्रोजेक्टने युरोपियन कमिशनला आधीच लिहून दिलेलं असतं की डीसी ७ कडून अमुक महिन्यात अमुक रिपोर्ट, तमुक महिन्यात तमुक मॉडेल, आणि तिथे जाऊन "मला खरं तर भूजलावर करायचंय" म्हणालीस तर गाईडचं तोंड वाकडं होणारच, तिची चूक नाही. जागा घेऊन मग विषय वळवू असा बेत असेल तर घेऊ नकोस, सहा महिन्यांत दोघींचं बिनसेल. पण त्याच जाहिरातीत खालून तिसरी ओळ परत वाच, शेतकरी हे पाणी स्वीकारतात की नाही आणि वाटपाचे नियम कसे ठरतात याचा समावेश मॉडेलमध्ये करायचाय म्हणे. ही ओळ लिहिणाऱ्या माणसाला नियम कसे टिकतात ते माहीत असलेलं कुणीतरी हवंय आणि मॉडेलिंगवाल्यांच्या अर्जांत असं कुणी मिळत नाही, म्हणून तर तुला घेतलंय! तुझं मॉडेलिंग कच्चं आहे हे तुझ्या सीव्हीत त्यांना दिसलं नसेल का? पाणी वेगळं आहे, प्रश्न तोच आहे.

म्हणून "विषय सोडणं" हे मला पटत नाही. पाच वर्षं ज्या गावांत काम केलंस ती गावं सुटतील, ते दुःख खरं आहे, ते मी लहान करत नाही. पण हा प्रश्न तुझा आहे की संस्थेच्या प्रोजेक्टमुळे तुझ्या अंगवळणी पडलाय, हेही एकदा स्वतःला विचार. प्रश्न खरंच तुझा असेल तर तो दुसऱ्या पाण्यावरही येईल.

होकार द्यायच्या आधी गाईडला एक मेल टाक, छोटीच, आणि त्यात हे विचार. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: अशा नेटवर्कचे पैसे बऱ्याचदा ३६ महिन्यांचे असतात आणि नेदरलँड्समध्ये पीएचडी साधारण चार वर्षांची, तर चौथ्या वर्षाचा पगार कोण देणार, आणि ते काँट्रॅक्टमध्ये लिहून मिळेल का. हा प्रश्न विचारायला लाजतात लोक, मग शेवटच्या वर्षी संध्याकाळी कुठेतरी काम करून रात्री थीसिस लिहितात. दुसरं, चार चॅप्टरपैकी एखादा माझ्या जुन्या फील्डवर करता येईल का, तुलनेसाठी, आणि फील्डवर्कचे पैसे कोणत्या हेडखाली आहेत. तिसरं, जाहिरातीत लिहिलेला भत्ता हा हातात येणारा पगार नसतो, त्यातून युनिव्हर्सिटीचा एम्प्लॉयर म्हणून भरायचा वाटा जातो, मग तुझा टॅक्स जातो, तर हातात महिन्याला किती पडतील. कुटुंबासाठी वेगळा भत्ता असतो, त्याचं पण विचार. सेकंडमेंट म्हणून काही महिने दुसऱ्या देशातल्या पार्टनरकडे जावं लागतं, ते महिने कोणते हे आधी कळलं तर मुलीच्या शाळेचं बघता येईल.

आणि एक गोष्ट गाईडला विचारायची नाही, तिच्या आत्ताच्या आणि सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांना विचारायची. किती वर्षांत संपली, मधेच कुणी सोडली का, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, मेलला उत्तर किती दिवसांत येतं. सोडून गेलेल्यांची नावं ग्रुपच्या जुन्या पेपरांत सापडतात. लोक फोनवर खूप खरं बोलतात, लिहून देत नाहीत, म्हणून फोनच कर.

थांबायचं म्हणतेस तर त्यातही एक घड्याळ आहे. तुला वयाची काळजी वाटते, ३१ म्हणजे उशीर झाला असं, तर वयाला सहसा कुणी विचारत नाही, विचारतात ते शेवटची डिग्री होऊन किती वर्षं झाली ते. डाडच्या बऱ्याच ग्रँटना डिग्री सहा वर्षांपेक्षा जुनी नको असते. तुझी पाच झालीत. म्हणजे थांबायचं तर पुढची फेरी ही त्या दारावरची जवळपास शेवटची, हे धरून थांब, नुसतं "बघू पुढच्या वर्षी" असं नको.

पण थांबण्यात एक पर्याय तू लिहिलाच नाहीयेस, आणि मला तो तुझ्यासारख्यांसाठी फार महत्त्वाचा वाटतो. तुझा फील्ड जिथे आहे तिथून चार वर्षं लांब राहून त्याच फील्डवर पीएचडी का करायची? रजिस्ट्रेशन आपल्याच देशातल्या युनिव्हर्सिटीत, गाईड दोन, एक इथली एक तिथली, आणि मधला काही काळ तिकडे जाऊन राहायचं, याला लोक सँडविच म्हणतात, आणि अशा दोन देशांतल्या गाईडच्या पीएचडीसाठी डाडची वेगळी ग्रँट आहे. शिवाय पीएचडी चालू असलेल्यांसाठी ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्गला इयासा नावाची संस्था १९७७ पासून दर उन्हाळ्यात तीन महिन्यांचा कार्यक्रम घेते, पाणी, ऊर्जा, शेती यांच्या मॉडेलिंगवर काम करणाऱ्या लोकांबरोबर बसायला मिळतं. यात परदेशाचं कौतुक कमी होतं खरं. तुला रिसर्च करायचाय की काही वर्षं बाहेर राहून बघायचंय, दोन्ही इच्छा चांगल्याच आहेत, पण दुसरी जास्त असेल तर मोकळेपणाने तसं म्हण, त्यासाठी पीएचडी हा फार लांबचा रस्ता आहे.

घरच्यांनी नाव ऐकलेलं नाही, याचं मी फार मनावर घेणार नाही. पुढे नोकरीला घेणारे लोक तुझे पेपर आणि गाईडचं नाव बघतात, पाणी या विषयात कोण कुठे काय करतंय ते त्यांना माहीत असतं. नवऱ्याशी मात्र भावनिक न होता आकड्यांवर बोल, हातात येणारा पगार, भाडं, पाळणाघर, त्याला तिथे काम करायची परवानगी कधीपासून, असं एका कागदावर मांड. तू त्याच्याबद्दल एवढंच लिहिलंयस की "तो सपोर्टिव्ह आहे". म्हणजे तो येणार आहे की मागे राहणार आहे?

मला विचारशील तर ब्रिटनला आजच नम्रपणे नाही म्हण. नेदरलँड्सच्या गाईडला ती मेल टाक, चौथ्या वर्षाचं उत्तर धड आलं आणि एका चॅप्टरला ती हो म्हणाली तर जा. नाही आलं तर सँडविच. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असं तुला सगळे सांगतील, मी त्या कारणाने जा म्हणत नाहीये, मॉडेलिंग तुला येत नाही आणि तुझ्या प्रश्नाला ते लागणार आहे म्हणून म्हणतेय.

बाकी ज्यांच्या हातात अजून काहीच नाही त्यांच्यासाठी थोडं. एकच मेल पन्नास प्रोफेसरांना "रिस्पेक्टेड सर" करून पाठवू नका, समोर बाई असते आणि तुमचा अर्ज तिथेच संपतो. त्यांचा एक पेपर खरंच वाचा, त्यातल्या एका गोष्टीवर एक प्रश्न विचारा, तुमचा प्रश्न दोन ओळीत, सीव्ही जोडा, बास. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, त्यानंतर सोडून द्या. रेफरन्स लेटर देणाऱ्यांना शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी सांगा आणि सोबत तुमचा प्रपोजल पाठवा, नाहीतर ते "कष्टाळू व प्रामाणिक विद्यार्थिनी" असं लिहून मोकळे होतात. आणि जुन्या कॉलेजमधून ट्रान्सक्रिप्ट काढायचं काम आजच सुरू करा, जाहिरात निघायची वाट बघू नका, त्याला किती वेळ लागेल हे त्या खिडकीतल्या माणसावर अवलंबून असतं.